डोमेन त्या पोराच्या नावावर, आणि भोगीच्या तोंडावर साइट बंद

पत्र:
नमस्कार दादा. मी जुळे सोलापूरला राहते. सासूबाई आणि मी मिळून शेंगा चटणी, कडक भाकरी, काळा मसाला घरून करून विकतो. तीन वर्षांपूर्वी ह्यांच्या ओळखीतल्या एका पोरानं वेबसाइट करून दिली, वर्डप्रेस नावाच्या सॉफ्टवेअरवर, ऑर्डर घेता येईल अशी. डोमेन, होस्टिंग सगळं त्यानंच घेतलं, आम्ही त्याला वर्षाला साडेतीन हजार देतो. यंदा भोगीच्या चार दिवस आधी पुण्यातल्या एका बाईंनी आमच्या तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीची रील टाकली, ती जोरात चालली आणि त्याच संध्याकाळी साइट उघडेना. ५०८, रिसोर्स लिमिट इज रीच्ड, असं काहीतरी यायचं. पोरगा आता पुण्यात नोकरीला आहे, त्यानं फोन उचलला दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर गेलेली ऑर्डर गेली. आता चांगलं होस्टिंग घ्यायचंय. दिरांनी ६९ रुपये महिना अशी जाहिरात पाठवलीय, भाचा म्हणतो अ‍ॅमेझॉनचं क्लाउड घ्या, ते कधी बंद पडत नाही. भरवशाचं कुठलं ते एकदाच सांगून टाका.
– एक सूनबाई

ताई, नमस्कार.

कंपनीचं नाव शेवटी बघू. तुमच्या पत्रात मला ५०८ पेक्षा जास्त घाबरवलं ते "डोमेन, होस्टिंग सगळं त्यानंच घेतलं" या वाक्यानं. साइट बंद पडली तर दोन दिवसात चालू होते, पण डोमेन कुणाच्या खात्यात आहे, कुणाच्या ईमेलवर आहे, हे माहीत नसेल ना तर तुम्ही तीन वर्षं ज्या नावानं चटणी विकताय ते नाव तुमचं नाहीच. असं समजा की होस्टिंग, म्हणजे साइट जिथं ठेवलीय ती जागा, हा भाड्याचा गाळा, आणि डोमेन, म्हणजे साइटचं ते डॉट कॉम नाव, ही दुकानाची पाटी. गाळा नाही जमला तर नवी पेठ सोडून होटगी रोडला जाता येतंय, गिऱ्हाईक पाटी बघून तिकडं येतंच. पण पाटीच दुसऱ्याच्या घरात असली तर?

तर आधी हे करा, आत्ता, मोबाईलवर, पाच मिनिटांचं काम आहे. लुकअप डॉट आयकॅन डॉट ऑर्ग उघडा (आयकॅन म्हणजे जगभरच्या डोमेन नावांचा कारभार बघणारी संस्था), तुमचं डॉट कॉम नाव टाका. नाव-पत्ता बहुतेक झाकलेला दिसेल, रिडॅक्टेड वगैरे लिहिलेलं, त्यानं घाबरू नका, आता बहुतेक सगळ्यांचं तसंच असतं. तुम्हाला तीन गोष्टी बघायच्यात: रजिस्ट्रार कोण, म्हणजे डोमेन कुठल्या कंपनीकडनं घेतलंय, एक्स्पायरी तारीख कधीची, आणि नेमसर्व्हर (नाव टाकलं की साइट कुठं आहे ते सांगणारी यंत्रणा) कुठले. स्क्रीनशॉट काढा आणि ह्यांना, दिरांना, भाच्याला, सगळ्यांना पाठवून ठेवा. एक्स्पायरी दोन महिन्यांच्या आत असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून पहिल्यांदा रिन्यू करायला लावा. डॉट कॉमची मुदत संपली की लगेच नाव जात नाही, रजिस्ट्रारकडं साधारण महिना-दीड महिन्यापर्यंत सवलत असते, त्यानंतर ३० दिवस रिडेम्प्शनचे, त्यात सोडवून घ्यायला भरमसाठ पैसे मागतात, मग ५ दिवस पेंडिंग डिलीट, आणि त्यानंतर जो आधी पोचेल त्याचं. अशी सुटलेली जुनी नावं उचलायला लोक टपूनच बसलेले असतात, चटणीचं असलं तरी.

आता त्या पोराकडनं डोमेन कसं काढायचं. भांडू नका. माझा अनुभव असा की शंभरातली नव्वद पोरं फसवत नसतात, त्यांनी फक्त सोयीसाठी आपल्याच जीमेलवर आपल्याच खात्यात सगळं घेतलेलं असतं, एकाच खात्यात काकाचं, मित्राचं, जिमवाल्याचं आणि तुमचं. त्याला सांगा की त्याच रजिस्ट्रारकडं आम्ही आमचं खातं उघडतोय, तू आमच्या खात्यात डोमेन पुश कर. पुश हाच शब्द वापरा, त्याला कळेल. एकाच कंपनीत या खात्यातनं त्या खात्यात सरकवणं बहुतेक ठिकाणी फुकट असतं आणि काही मिनिटांत होतं. दुसऱ्या कंपनीत न्यायचं म्हटलं की ऑथ कोड, म्हणजे डोमेन न्यायच्या परवानगीचा पासवर्ड, लागतो, डोमेनचं लॉक काढावं लागतं, पाच-सात दिवस जातात, शिवाय मालकाचं नाव नुकतंच बदललेलं असलं तर बऱ्याचदा ६० दिवस ट्रान्सफरच करता येत नाही, म्हणून दोन्ही उद्योग एकदम करू नका, आधी पुश, कंपनी बदलायची तर सावकाश नंतर. आणि नवं खातं उघडताना ईमेल धंद्याच्या डोमेनवरचा देऊ नका, साधा जीमेल द्या, कारण डोमेन बंद पडलं तर त्याच्यावरचा ईमेल पण बंद, मग पासवर्ड रिसेटची मेल येणार कुठं? ही चूक मी स्वतः केलीय, लाज वाटते सांगायला.

बरं, आता ५०८ कडं येऊ. झालं काय ते नीट समजून घ्या, कारण ते कळलं की कुठलं होस्टिंग घ्यायचं याचं अर्धं उत्तर मिळतंय.

तुमची साइट शेअर्ड होस्टिंगवर आहे. म्हणजे एका सर्व्हरवर, कायम चालू असणाऱ्या एका मोठ्या संगणकावर, शेकडो साइट्स राहतात. आपल्याकडं अपार्टमेंटमध्ये पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि सगळे एकाच टाकीवर असतात, तसंच आहे ते. एकानं नळ उघडा टाकून बाकीच्यांची टाकी रिकामी करू नये म्हणून होस्टिंगवाले प्रत्येकाच्या नळाला तोटी बारीक बसवतात. त्यातली एक तोटी म्हणजे एन्ट्री प्रोसेस, म्हणजे एका क्षणाला तुमच्या साइटसाठी सर्व्हर किती कामं एकदम हातात घेईल. स्वस्त प्लॅनमध्ये हा आकडा २० च्या आसपास असतो, थोडा इकडंतिकडं. २१ वा आला की त्याला ५०८ ची पाटी दाखवून बाहेर उभं करायचं. जाहिरातीत "अनलिमिटेड" लिहिलेलं असतं ते जागेचं आणि बँडविड्थचं (डेटाची ये-जा किती होईल त्याचं), ही तोटी जाहिरातीत नसतेच, ती असते अटी-शर्तींच्या पानावर खाली कुठंतरी, नाहीतर विचारल्यावरच सांगतात.

पण ऐका, यात निम्मी चूक होस्टिंगची आणि निम्मी आपली आहे. समजा तोटी २० ची आहे. तुमचं एक पान तयार करायला सर्व्हरला २ सेकंद लागत असतील तर सेकंदाला १० जणांचं काम होतं. तेच पान अर्ध्या सेकंदात तयार झालं तर त्याच तोटीतनं सेकंदाला ४० जण जातात, एक रुपया जास्त न देता. आणि कॅश प्लगिन (प्लगिन म्हणजे वर्डप्रेसला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर) लावला, म्हणजे पान एकदा तयार करून ठेवायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाला तेच तयार पान द्यायचं, तर बघायला येणारी बहुतेक पब्लिक त्या तोटीला हातच लावत नाही, फक्त ज्यांनी भाकरी कार्टमध्ये टाकली आणि पैसे भरायला निघाले त्यांच्यासाठीच सर्व्हर राबतो. म्हणजे कडक भाकरीच, आधी करून डब्यात रचून ठेवायची, पाहुणा आला की काढून द्यायची, दर पाहुण्याला नव्यानं पीठ मळत बसायचं नाही. त्या पोरानं कॅश लावला नव्हता हे मी पत्रावरनंच पैज लावून सांगतो.

आणि फोटो. मोबाईलवर काढलेला फोटो सरळ चढवला तर तो ४-५ एमबीचा असतो. पहिल्या पानावर दहा फोटो म्हणजे ४०-५० एमबी, बघणारी बाई लोकलमध्ये उभी, नेटवर्क जेमतेम, ती थांबते होय? तेच फोटो वेबपी या हलक्या फाइल-प्रकारात बारीक करून प्रत्येकी १००-१५० केबी केले तरी चटणीचा लाल रंग तसाच दिसतो. हे होस्टिंग बदलायच्या आधी करा, कारण हे न करता तुम्ही दुप्पट महागाचं होस्टिंग घेतलं तरी पुढच्या रीलला परत तेच रडगाणं.

आता दिरांची ६९ रुपयांची जाहिरात. तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट मी मोठा करून बघितला. ६९ मोठ्या अक्षरात, खाली राखाडी बारीक अक्षरात ४८ महिने एकदम भरल्यास, आणि त्याखाली अजून बारीक, रिन्यूअल २९९ रुपये महिना. हिशोब करू. ६९ गुणिले ४८, ३३१२. वर १८ टक्के जीएसटी, झाले ३९०८. म्हणजे महिन्याचे ६९ नाहीत, आजच्या आज खिशातनं ३९०८ जाणार, चार वर्षांसाठी, अशा कंपनीला जिची अजून एक चॅट पण तुम्ही केलेली नाही. चार वर्षांनी २९९ च्या दरानं वर्षाचे ३५८८, जीएसटी धरून ४२३४ च्या घरात. खरं सांगायचं तर २९९ हा दर वाईट नाही हो, मुंबईतला सर्व्हर आणि बरा सपोर्ट असेल तर तो रास्तच दर आहे, आणि होस्टिंगची तुलना करायची ती याच दरानं करायची, पहिल्या वर्षाच्या दरानं नाही. साडी सेलमध्ये किती घेतली हे एकदाच बघायचं असतं, हे तर भाडं आहे.

पैसे भरायच्या पानावर अजून एक मजा असते. खाली चार-पाच चौकोन असतात, साइट सिक्युरिटी, प्रीमियम एसएसएल, बॅकअप प्रो, एसईओ टूल, आणि त्यातल्या काहींवर टिक आधीच मारलेली असते. सगळ्या टिक काढा. एसएसएल, म्हणजे साइटच्या पत्त्याला https लावून देणारं सुरक्षेचं प्रमाणपत्र, २०१५-१६ पासून लेट्स एन्क्रिप्ट नावाची संस्था फुकट देते आणि कुठलंही बऱ्यापैकी होस्टिंग ते आपोआप लावून देतं, आपोआप रिन्यू पण करतं. चटणीच्या दुकानाला दोन हजाराचं एसएसएल विकणारा माणूस तुम्हाला बाकी पण बरंच काही विकेल.

भाच्याचं क्लाउड. अ‍ॅमेझॉनचं मुंबई केंद्र २०१६ पासून आहे, दणकट आहे, मोठमोठ्या कंपन्या त्याच्यावर चालतात, सगळं खरं. पण तिथं तुम्हाला मिळते रिकामी मशीन. तिच्यावर सर्व्हर बसवणं, अपडेट करणं, हॅकर आला तर हाकलणं, रात्री बंद पडली तर उठून चालू करणं, हे सगळं तुम्ही करायचं. तुम्ही म्हणजे भाचा. भाचा कितवीत आहे? आणि बिल मीटरवर, वापराल तसं, एखाद्या महिन्यात चुकून काहीतरी चालू राहिलं की आकडा बघून धसका बसतो. "कधी बंद पडत नाही" हे पण खरं नाही, बंद सगळंच पडतं. जाहिरातीत ९९.९ टक्के अपटाइम लिहितात ना, त्याचा हिशोब केला तर महिन्याला ४३ मिनिटं बंद राहिलं तरी त्यांनी शब्द पाळला. ९९ टक्के असेल तर महिन्याला सात तासांच्या वर. ती ४३ मिनिटं आषाढातल्या पहाटे गेली तर कुणाला कळत नाही, भोगीच्या आदल्या संध्याकाळी गेली तर कळतं. आणि शब्द मोडला तरी भरपाई म्हणून मिळतो भाड्यातला थोडासा हिस्सा, तोही पुढच्या बिलात. गेलेल्या भाकऱ्यांची भरपाई कुणीच देत नाही.

म्हणून माझं सरळ मत, तुम्हाला चांगलं शेअर्ड होस्टिंग नाहीतर मॅनेज्ड वर्डप्रेस होस्टिंग (वर्डप्रेसची देखभाल कंपनीच करते ते) पुरतंय. व्हीपीएस (सर्व्हरचा स्वतंत्र तुकडा, जो आपण सांभाळायचा) नको, क्लाउड नको. फक्त वरच्या पायरीवर चढायची सोय त्याच कंपनीत असावी, म्हणजे मार्गशीर्ष-पौषात गर्दी वाढली की प्लॅन वाढवायचा आणि नंतर परत उतरवायचा, हे साइट न हलवता होतं का ते विचारा. वर चढवायला सगळे तयार असतात, खाली उतरू देतात का हे विचारायचं असतंय.

सर्व्हर मुंबईत असावा. तुमचं गिऱ्हाईक कोण, पुण्या-मुंबईतले, हैदराबाद-बेंगळुरूला गेलेले आपलेच सोलापूरकर. मुंबईच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला सिग्नलला साधारण १०-३० मिलिसेकंद लागतात, अमेरिकेला जाऊन यायला दोनशेच्या वर, आणि एक पान उघडायला अशा बऱ्याच फेऱ्या होतात. बऱ्याच कंपन्यांत नोंदणी करतानाच डेटा सेंटर निवडायचा पर्याय येतो आणि त्यात आधीच भलतंच निवडलेलं असतं, ते बघून मगच पुढं जा.

आता भरवशाचं कसं ओळखायचं. गुगलवर "टॉप १० होस्टिंग" शोधाल तर जी पानं येतात त्यातली बरीचशी कमिशनवर चालतात, तुम्ही त्यांच्या लिंकवरनं घेतलं की लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, आणि ज्याचं कमिशन जास्त तो पहिल्या नंबरला, असा साधा हिशोब असतो बऱ्याच ठिकाणी. शिवाय नावं वेगवेगळी दिसतात पण घर एकच असतं. ब्लूहोस्ट, होस्टगेटर आणि आपल्याकडं सुरू झालेलं बिगरॉक, हे तिन्ही न्यूफोल्ड डिजिटल नावाच्या एकाच अमेरिकन कंपनीचे ब्रँड, ही कंपनी २०२१ मध्ये दोन मोठ्या कंपन्या एकत्र होऊन झाली. त्यात वाईट काही नाही, पण एकाला कंटाळून दुसऱ्याकडं गेलो असं वाटत असताना माणूस त्याच वाड्याच्या दुसऱ्या खोलीत गेलेला असतो, एवढं माहीत असावं.

त्यापेक्षा मी करतो ते करा. शनिवारी रात्री साडेअकराला, गिऱ्हाईक व्हायच्या आधी, त्यांच्या चॅटवर जा. पहिल्यांदा बॉट बोलेल, त्याला "माणूस द्या" म्हणा, किती वेळानं माणूस येतो ते घड्याळात बघा. आला की विचारा: या प्लॅनमध्ये एन्ट्री प्रोसेस किती? बॅकअप रोजचा का आठवड्याचा, किती दिवसांचे ठेवता, आणि मला परत घ्यायचा असेल तर पैसे लागतात का? तो बॅकअप त्याच सर्व्हरवर असतो का दुसरीकडं? माझी जुनी साइट तुम्ही हलवून देता का? मला सोडून जायचं असेल तर पूर्ण बॅकअप मला स्वतःला डाउनलोड करता येतो का? सरळ आकडे देणारा माणूस भेटला तर ती कंपनी यादीत ठेवा. "मॅडम आमचे सर्व्हर हायली ऑप्टिमाइझ्ड आहेत" एवढंच परत परत म्हणणारा भेटला तर गुड नाइट म्हणा आणि झोपा. दोन-तीन कंपन्यांशी असं बोललात की तुम्हालाच कळतं, मला विचारायची गरज राहत नाही. आणि शेवटचा प्रश्न मी सगळ्यात वजनाचा धरतो. जी कंपनी जाऊ द्यायला घाबरत नाही तिच्याकडं राहायला हरकत नाही.

(रेडीमेड दुकानं असतात, शॉपिफाय वगैरे, तिथं होस्टिंगचा विचारच करावा लागत नाही, महिन्याचं भाडं भरा आणि विका. तुमच्यासारखीला मी नाही म्हणणार नाही, पण भाडं जास्त, आणि तिथनं दुकान जसंच्या तसं उचलून दुसरीकडं नेता येत नाही, फक्त मालाची आणि ऑर्डरची यादी मिळते. वर्डप्रेस निदान पेटीत भरून नेता येतं.)

बॅकअपचं थोडं जास्त सांगतो, कारण इथं मी भाजलोय. बऱ्याच वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलवाल्यांची साइट माझ्याकडं होती, तीनशेच्या वर डिझाइनचे फोटो, एकेक फोटो त्यांच्या पोरानं दोरीवर टॉवेल टांगून उन्हात काढलेला. होस्टिंगवाल्यांची डिस्क गेली. कंपनीचं नाव घेत नाही, त्यांचं बॅकअपचं आश्वासन होतं, बॅकअप होता पण, त्याच डिस्कवर. तीन ओळींची दिलगिरीची मेल आली. आम्ही मग त्या पोराचा फुटलेल्या स्क्रीनचा जुना मोबाईल, त्याच्या बहिणीचा लॅपटॉप, प्रिंटरकडं दिलेली सीडी, असं गोळा करत करत दोनशे फोटो परत मिळवले. बाकीचे टॉवेल तोवर विकून गेले होते, परत टांगायला पण नव्हते. मालक एक शब्द बोलले नाहीत मला, चहा पाजला, तेच जास्त लागलं.

आणि मोठ्यांचं होत नाही असं नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या युरोपातल्या बड्या होस्टिंग कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, एक अख्खी इमारत जळून गेली, शेजारचीचा काही भाग गेला, आणि लाखो साइट्स बंद पडल्या. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचा काहींचा बॅकअपही त्याच आगीत गेला. म्हणून होस्टिंगवाल्याचा बॅकअप असू दे, तुमचा तुम्ही वेगळा घ्या. अपड्राफ्टप्लस नावाचा प्लगिन आहे, फुकटचा पुरतो, आठवड्याला एकदा तुमच्या गुगल ड्राइव्हमध्ये आपोआप टाकायला लावा, सीझनमध्ये रोज. आणि वर्षातनं एकदा तो बॅकअप खरंच उघडतो का ते दुसरीकडं टाकून बघा. न उघडलेला बॅकअप म्हणजे न चाखलेली चटणी, वरनं लालच दिसते.

ईमेल होस्टिंगवर ठेवू नका, एवढंच सांगतो. स्वस्त सर्व्हरवर शेकडो जण एकाच आयपीवरनं, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या एकाच नंबरावरनं, मेल पाठवत असतात, त्यातल्या एकानं स्पॅम केला की तुमची "ऑर्डर मिळाली" ही मेल पण गिऱ्हाईकाच्या स्पॅममध्ये. मेल झोहो नाहीतर गुगलकडं वेगळी घ्या, आणि एसपीएफ, डीकेआयएम (मेल खरंच तुमच्याकडनं आलीय हे पटवणाऱ्या नोंदी) ही दोन नावं कागदावर लिहून साइट हलवणाऱ्याला द्या, तो करेल. केलं का हे मात्र परत विचारा.

हलवायचं कधी? संक्रांत झाली, सिद्धेश्वर यात्रेतल्या गड्ड्याची गर्दी ओसरली, आता फेब्रुवारीत करून टाका. उन्हाळ्यात कुरडया-पापडांची मागणी सुरू व्हायच्या आत. शुक्रवारी संध्याकाळी करू नका, काही अडकलं तर शनिवार-रविवार जातो. क्रम असा ठेवा: आधी नवं होस्टिंग घ्या, तेही एका वर्षाचं, चार वर्षांचं नाही. त्याच्यावर साइटची कॉपी टाकून घ्या, तात्पुरत्या पत्त्यावर उघडून एक खरी ऑर्डर करून बघा, दहा रुपयांची, पैसे भरून, मेल येते का, व्हॉट्सअ‍ॅपवर येते का. एक दिवस आधी डीएनएसमधला (नावावरनं सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी नोंदवही) टीटीएल, म्हणजे जुना पत्ता किती सेकंद लक्षात ठेवायचा तो आकडा, ३०० करून ठेवायला सांगा, म्हणजे पत्ता बदलल्यावर नवा पत्ता सगळीकडं लवकर पोचतो. मग पत्ता बदला. आणि जुनं होस्टिंग निदान पंधरा दिवस चालू ठेवा, पैसे वाचवायच्या नादात त्याच दिवशी बंद करणारे मी बघितलेत, मग कळतं की जुन्या ऑर्डरींचा अर्धा डेटा तिकडंच राहिला. पैसे परतीची मुदत बहुतेक ठिकाणी ३० दिवसांची असते, डोमेनचे पैसे त्यात परत मिळत नाहीत, तेव्हा त्या तीस दिवसांत काय ते ठोकून बघा, रात्री-अपरात्री सपोर्टला छळा, आत्ताच छळायचं असतं.

बिल तुमच्या नावावर, ओटीपी तुमच्या मोबाईलवर, ऑटो-रिन्यू डोमेनला चालू आणि होस्टिंगला बंद. होस्टिंगचं दर वर्षी दर बघून, वाटलं तर भांडून भरायचं. सासूबाईंच्या डायरीत, जिथं मसाल्याची प्रमाणं लिहिलेली आहेत ना, त्याच पानामागं रजिस्ट्रारचं नाव, होस्टिंगचं नाव, दोन्हीच्या तारखा आणि कुठल्या जीमेलवर आहे ते लिहून ठेवा. पासवर्ड नको लिहू, बाकी सगळं लिहा.

त्या पोराला आजच फोन लावा, संध्याकाळी सातनंतर, ऑफिस सुटल्यावर. आधी विचारा जेवलास का बे, मग पुशचं काढा. हुतात्मा एक्सप्रेसनं कुणी पुण्याला जात असेल तर अर्धा किलो चटणी पाठवा त्याच्यासाठी, मेसचं खाऊन कंटाळला असेल. डोमेन तुमच्या खात्यात दिसायला लागलं की मला एक ओळ टाका, मग चॅटवर कोणी काय आकडे दिले ते पाठवा, त्यातलं कुठलं घ्यायचं ते मी नाव घेऊन सांगतो.